लाल काचेवरचा आळ

दिगू, काल तुझं तेरावं झालं. पंगतीला बसलेला जो तो तुझ्याबद्दल एकच सांगत होता. मोठा गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कधी कुणाशी वाद नाही. मी आपला खाली मान घालून बुंदी खात होतो. वाद नाही म्हणे! अरे, एका काचेच्या चकतीवरून तू माझ्याशी अकरा महिने भांडलायस. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलेलं असायचं, भिंतीवरची अक्षरं वाचत असायचं, अन् तू दारातूनच ओरडायचास, "वश्या, रातभर इचार केला बे. काच भिंगाच्या आधीच पायजे!" गिऱ्हाईक बिचारं दचकून भलतीच अक्षरं वाचायचं. केजमधल्या निम्म्या लोकांचे नंबर तुझ्यामुळं चुकलेत.

लोकांना तुझं ते रूप माहीतच नाही. अन् ते का नाहीसं झालं हे तर कुणालाच माहीत नाही, तुला सुद्धा नव्हतं. मला माहीत आहे. म्हणून आज दुकान उघडलं नाही, शटर अर्धं ओढून हे लिहीत बसलोय. रडू येत नाही मेलं. नुसता राग येतो, अन् तो कुणावर काढावा तर समोर आरसेच आरसे.

आपली दुर्बीण आली तीच मुळी ठरावानं. मशिनरी पुरवणाऱ्या कुण्या व्यापाऱ्यानं कारखान्याला ती भेट दिली होती, आठ इंची आरशाची, माणसाएवढी पांढरी नळी. गेस्ट हाऊसमध्ये सत्काराच्या शालींशेजारी ती चार वर्षं उभी होती अन् कुणीतरी तिच्यात छत्र्या ठेवायला लागलं होतं. तू कारखान्याच्या लॅबमधला केमिस्ट. उसाच्या रसाची नळी यंत्रात ठेवायची, तिच्यातून पिवळा उजेड सोडायचा, उजेड किती वळला ते बघून साखर किती ते सांगायचं, हे तुझं काम. उजेडाशी तुझी सोयरीक तिथली. छत्र्या बघून तुझं डोकं फिरलं अन् तू सरळ अर्ज ठोकलास. संचालक मंडळाच्या बैठकीत, ऊसतोडीच्या अन् मळीच्या विषयांनंतर, ठराव झाला: 'सदर दुर्बीण लॅब केमिस्ट यांचे ताब्यात देणेत यावी.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. तू तो कागद लॅमिनेशन करून आणलास. सहकारात सगळ्यांच्या मतानं झालेली अन् कुणाचंही वाटोळं न झालेली ही एकच गोष्ट, असं मी म्हणायचो, अन् तू चिडायचास. कारखान्याला कुणी नाव ठेवलेलं तुला खपायचं नाही. तुझ्या वडलांनी त्याच्या पायाभरणीला पाट्या वाहिल्या होत्या.

त्या नळीतून तू मला पहिल्यांदा शनी दाखवलास. पंचवीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवत होतो, पण काचेतून असलं काही दिसतं हे मला कुठं ठाऊक होतं! ते कडं बघून मी म्हणालो, "आतून स्टिकर चिकटवलंस का बे?" तू हसत हसत जमिनीवरच बसलास. मग मी पुन्हा बघितलं, अन् पुन्हा बघितलं, अन् घरी जाऊन बायकोला सांगायला लागलो तर मला बोलताच येईना. तेवढ्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे. हे सुद्धा तोंडावर कधी म्हणालो नाही.

मग फोटोचं खूळ शिरलं. मी कॅमेरा मागवला, तो काळा-पांढरा. रंग हवा असेल तर त्याच्यापुढं लाल, हिरवी, निळी अशा काचा पाळीपाळीनं लावायच्या, प्रत्येकीतून वेगळं चित्र घ्यायचं अन् मग तिन्ही एकावर एक बसवायची. त्यात ग्रह एवढासा, म्हणून तो मोठा करायला मध्ये अजून एक भिंग. त्याला बार्लो म्हणतात. तू मलाच बार्लो म्हणायला लागलास. "तू बार्लोच हायेस बे, एवढ्याचं तेवढं करतूस." आता प्रश्न एवढाच होता की रंगीत काच ह्या भिंगाच्या आधी लावायची का नंतर, कॅमेऱ्याच्या तोंडाशी. मी म्हणायचो नंतर. काच बदलताना बाकी काही हलत नाही, अन् मधलं अंतर वाढतं म्हणून ग्रह आणखी थोडा मोठा पडतो. तू म्हणायचास, कॅमेऱ्याजवळच्या काचेवर धुळीचा एक कण बसला तरी फोटोत गोल डाग उमटतो, अन् आपल्या जिल्ह्यात धुळीशिवाय पिकतं काय? म्हणून आधी. शेवटी तू कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पितळी पट्टीचा एक सरकता खण बनवलास. बोटानं ढकलला की लाल जाऊन हिरवी येणार, अन् खण दोन्ही जागी बसणार. सम तारखेला तुझी मांडणी, विषम तारखेला माझी. एकतीस तारीख अन् लगेच एक, अशा लागोपाठ दोन विषम आल्या की तू माझ्यावर अन्यायाचा आरोप करायचास.

मग ते वर्ष आलं. पेरलं ते करपलं, दुबार पेरलं तेही करपलं. माजलगावचं धरण तळाला गेलं, तिकडचा हिरवा ऊस वाळून काड्या झाला. आपल्या कारखान्याचा बॉयलर दोन हंगाम पेटला नव्हता. ऊसच नाही तर गाळणार काय? तू तरी रोज लॅबमध्ये जाऊन कोरड्या नळ्या पुसून ठेवायचास. गावात टँकर पाचव्या दिवशी यायचा. आणि नेमका त्याच पावसाळ्यात मंगळ पंधरा वर्षांत आला नव्हता इतका जवळ येणार होता. एरवी आषाढात कुठला मंगळ दिसतो? पण त्या साली आभाळ चैत्रासारखं लख्ख.

अख्खा तालुका मान वर करून ढग शोधत होता, अन् आपण दोघं सुद्धा मान वर करूनच होतो, फक्त ढग नसावेत म्हणून. एका संध्याकाळी घाटाकडून काळं आलं. बायकांनी त्याच दिवशी महादेवाची पिंड पाण्यात बुडवली होती, तेही टँकरच्याच पाण्यात. तू ढगाकडं बघून हळूच म्हणालास, "आजच्याला नको रे बाबा." अन् लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेतलीस, चांगली खाडकन. ढग तसाही न पडताच गेला. आपण एकमेकांकडं बघितलं नाही.

सिमेंटची गच्ची दिवसभर तापते, तिच्यावर हवा उकळते अन् चित्र थरथरतं, म्हणून आपण पाझर तलावाच्या पोटात दुर्बीण मांडली. पाणी नव्हतंच. भेगाळलेल्या गाळावर पोतं टाकायचं, त्यावर मोटारसायकलची बॅटरी, तिला लॅपटॉप. मंगळ वर आला. लाल, भलामोठा, डोळ्यांनी सुद्धा दिव्यासारखा दिसणारा. अन् कॅमेऱ्यात कोरा! मंगळावर काळसर डाग असतात, टोकाला बर्फाची पांढरी टोपी असते, लाल काच लावली की डाग उठून दिसतात. आपल्याला एक डाग नाही, टोपी नाही, नुसती नारिंगी गोळी. पहिल्या दिवशी म्हटलं, हवा वाईट. दुसऱ्या दिवशी तुझी मांडणी, तिसऱ्या दिवशी माझी, मग भिंग काढून, मग आरसा पुन्हा जुळवून. आठ दिवस आपण त्या गोळीसमोर बसलो. नवव्या दिवशी मी लाल काच खणातून काढून टॉर्चसमोर धरली तर कडेनं पांढुरकी झाक.

"हे काय हाय, दिग्या?"

"धुतली."

"कशानं?"

"धूळ लई बसलती. तुझ्या बाजूनं लावली की डाग यायले होते फोटोत. म्हणून म्हटलं जरा धुवावी."

"पाणी कुठलं?"

"टँकरचं. पिण्याच्या हंड्यातलं अर्धा तांब्या घेतलं."

आपल्याकडचं पाणी! हंड्यावर पांढरा थर चढतो, तव्याला पुटं बसतात. मी चष्मेवाला. असल्या पाण्यानं काचेचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. डोक्यात सणक गेली. मी काय काय बोललो ते सगळं आठवतंय, अन् न आठवलं असतं तर बरं झालं असतं. "पंधरा वर्षांनी आलेला मंगळ तू धुऊन टाकलास," असं म्हणालो. "साखर मोजणाऱ्यानं साखर मोजावी," असं म्हणालो. तू पुढं होऊन म्हणालास, "दे की, स्पिरिटनं पुसून देतो," तर मी तुझा हात झटकला. "हात लावू नको! हात लावशील तिथं माती करतूस. आता कळलं कारखाना काहून बंद पडला ते."

तू हात मागं घेतलास. मग म्हणालास, "दुष्काळानं पडला रे बंद." एवढंच. वाद नाही, काही नाही. मी सामान आवरलं अन् तू बॅटरी उचललीस. घरापर्यंत तू माझ्या दोन पावलं मागं चालत होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू जीपच्या टपावर नळी बांधून दुकानात आणलीस. पितळी खण, काचा, सगळं फडक्यात गुंडाळलेलं. सोबत लॅमिनेशन केलेला ठराव, त्याच्या खाली मार्करनं लिहिलेलं: 'वरील दुर्बीण आजरोजी वसंत यांचे ताब्यात दिली.' सही. चहाला सुद्धा थांबला नाहीस. मी मनात म्हटलं, जातो कुठं, दोन दिवसांत येईल झक मारत.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच तलावात गेलो. नवी लाल काच काही आली नव्हती, म्हणून तुझी धुतलेलीच लावली अन् सहज शनीवर धरली. कडं असं कोरीव आलं की बोलायची सोय नाही. कड्यातली ती केसासारखी काळी फट, तीही दिसली. एवढी बारीक रेघ ज्या काचेतून दिसते तिनं मंगळावरचे एवढाले डाग कसे पुसले असतील? मी काच काढून टाकली, खणच काढून टाकला, नुसता मंगळ बघितला. कोरा तो कोराच. सकाळी मोबाइलवर शोधलं तर सगळं जग तेच सांगत होतं. मंगळावर धुळीचं वादळ उठलंय, महिना झाला, अख्खा ग्रह धुळीनं झाकून गेलाय. मोठमोठ्या दुर्बिणीवाले डोक्याला हात लावून बसले होते. आपण दोघं केजच्या कोरड्या तलावात बसून आपल्या काचेवरची धूळ शोधत होतो. काचेवर ती पांढुरकी झाक होती, खोटं नाही. पण तिच्यानं काही बिघडलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मी चपला घातल्या अन् तुझ्या घरी आलो. सांगायलाच आलो होतो, देवाशप्पथ. वहिनी म्हणाल्या, तू कालच गेलास, कर्नाटकातल्या कारखान्यात रिपेरीच्या कामाला. मी पाणी न पिता परत फिरलो. तुझा नंबर होता माझ्याकडं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. दिवाळीत तुला सुट्टी मिळाली नाही. उन्हाळ्यात आलास तेव्हा दुकानात गर्दी होती. पुढच्या उन्हाळ्यात आपण चहा घेतला, तू तिकडच्या पाण्याचं सांगितलंस, मी इकडच्या टँकरचं, अन् मग इतका वेळ गेलाय तर आता कशाला उकरायचं, असं वाटलं. नवं नवं कारण मला नेहमी सापडायचं.

एकदा मी तुला गुरू दाखवायला मुद्दाम बोलावलं. तू आलास. दुर्बिणीपाशी उभा राहिलास ते दोन्ही हात पाठीमागं बांधून, पुढाऱ्याच्या सभेत पोलीस उभा राहतो तसा. मी म्हणालो, "जरा ती घुंडी फिरव, चित्र फुटलंय." तू म्हणालास, "मी हात न्हाई लावत. दिसतंय की. झ्याक दिसतंय." काही झ्याक दिसत नव्हतं, दिगू. मी नंतर डोळा लावला, तर नुसता पांढरा गोळा होता. पितळी खण घासून घासून बसवणारा तू, बोटाचं नख लावायला घाबरत होतास. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मंगळावर वादळ होतं बे, तुझी काच बरी होती. किती शब्द झाले?

का नाही बोललो, ते आता तरी खरं सांगतो. काचेचं मागं घेतलं असतं तर कारखान्याचंही मागं घ्यावं लागलं असतं, अन् ते मी कुठल्या तोंडानं घेणार होतो? आणखी एक. चूक तुझी आहे हे मला हळूहळू सोयीचं वाटायला लागलं होतं. तू माझ्यासमोर नमून बोलायचास, माझं म्हणणं पटकन मान्य करायचास, अन् मला ते गोड लागायचं. वर सांगायची लाज वाटते, पण त्या साली हिवाळ्यात मी तुझी मांडणी कायमची लावून टाकली. काच भिंगाच्या आधी. फोटोतले डाग गेले. अकरा महिने तू घसा फोडून सांगत होतास ते बरोबर होतं, अन् सात वर्षं मी तुझ्या मांडणीत फोटो काढून लोकांना दाखवतोय. तुझं नाव एकाही फोटोखाली नाही.

अंबाजोगाईला दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा मी सोमवारी आलो होतो. तू खाटेवर इतका बारीक दिसत होतास की मी आधी शेजारच्या खाटेकडं गेलो. वहिनी चहा आणायला खाली गेल्या तसं तू मला खुणेनं जवळ बोलावलंस.

"वश्या, एक राह्यलं बे."

"काय?"

"ती काच. लई नुकसान केलं मी तुझं. मंगळ आता परत तसा जवळ येईल तवर मी कुठला ऱ्हायलाव."

ह्याच्यापेक्षा सोपं देवानं अजून काय करून द्यायचं होतं? तूच विषय काढलास, खोलीत ओळखीचं कुणी नाही, तुला ऐकू येत होतं, मला बोलता येत होतं. मी तोंड उघडलं. अन् म्हणालो, "अरे, झालं गेलं. मी तुला कवाच माफ केलंय."

माफ केलंय! मी! तू डोळे मिटलेस, माझा हात धरलास. तुझे डोळे गळत होते अन् मी तुझ्या हातावर थोपटत होतो, मोठ्या मनाच्या माणसासारखा. परतीच्या एसटीत बसल्यावर मला कळलं मी काय बोलून बसलो ते. म्हटलं, पुढच्या सोमवारी पहिलं हेच सांगायचं, मग चहा-पाणी. तू शुक्रवारी गेलास.

हे लिहून काही होणार नाही हे मला कळतं. तुला काही आता वाचून दाखवता येत नाही. कारखान्याच्या गेटला कुलूप आहे, लॅबच्या खिडक्यांच्या काचा पोरांनी फोडल्यात, तिथं जाऊन ओरडलं तरी ऐकणारं कुणी नाही. मंगळ यायचा तेव्हा येईल, मी काही बघणार नाही. अन् बघितला तरी आधी अन् नंतरवरून भांडायला कोण आहे?

निदान एक माणूस उरलं होतं ज्याला सांगता आलं असतं. काल पंगती उठल्या, मंडपवाला खांब काढत होता. वहिनी माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "दादा, तुमी त्या दिवशी दवाखान्यातून गेल्यावर हे लई वेळ रडले. मला म्हणले, सुमन, वसंतानं मला माफ केलं. त्या काचेपायी ह्या माणसाला सात वर्सं धड झोप न्हाई लागली, दादा. शेवटच्या चार रात्री तेवढे शांत झोपले. तुमच्यामुळं."

वाक्य माझ्या ओठावर आलं. मी म्हणालोही, "वहिनी, त्याची काही चूक..."

"न्हाई दादा, चूक आमचीच होती. पाणी मीच दिलतं की त्यांना. त्यांनी माझं नाव कधी पुढं येऊ दिलं न्हाई, तुमी काय म्हणाल म्हणून." त्यांनी डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला. "मलाबी माफ करा." आणि त्या माझ्या पाया पडायला वाकल्या.

मी पाय मागं घेतले नाहीत.